दोन चित्रांच्या मधली माणसे : ईझिंगचा इतिहास कोणाच्या हातून घडला?

१/ मोबाइलच्या पडद्यावर एखादी सूचना वरून खाली सरकत येते, तेव्हा ती एकाच गतीने येत नाही. प्रथम ती वेगाने निघते आणि जागेवर बसताना मंदावते. गतीच्या या चढउताराला अ‍ॅनिमेशनच्या परिभाषेत ‘ईझिंग’ म्हणतात. आज ते एका क्लिकवर मिळते, म्हणून ती संगणकाची देणगी आहे असा समज रूढ झाला आहे. मला हा समज इतिहासाशी विसंगत वाटतो. ईझिंग हे संगणकाने माणसांकडून उचललेले ज्ञान आहे, आणि ज्यांच्याकडून ते उचलले गेले त्यांची नावे आपल्या इतिहासलेखनात जवळजवळ नाहीत. हा दीर्घ धागा त्यांच्याविषयी.

२/ आधी मूळ संकल्पना स्पष्ट करू. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. एखाद्या पात्राने हात वर उचलला असे दाखवायचे असेल, तर हात खाली असलेले एक चित्र आणि हात वर गेलेले दुसरे चित्र, ही दोन निर्णायक चित्रे ठरतात. त्यांना ‘कीफ्रेम’ म्हणतात. मधली चित्रे समान अंतरावर काढली तर हात हलतो खरा, पण लाकडी बाहुलीसारखा. जिवंत शरीराला वजन असते. ते स्थिर अवस्थेतून एकदम पूर्ण वेग घेत नाही आणि पूर्ण वेगातून एकदम थांबतही नाही. तेव्हा प्रश्न किती चित्रे काढायची एवढाच नाही. ती कोठे दाट आणि कोठे विरळ ठेवायची, यावर सारे अवलंबून असते.

३/ एक उदाहरण घेऊ. शून्यापासून १५० पर्यंत सहा पावलांत जायचे आहे. समान वाटणी केली तर प्रत्येक पाऊल २५ चे. आता दुसरी वाटणी पाहा : ३९, ३६, ३१, २४, १५, ५. बेरीज तीच, १५०. परंतु आरंभ लांब ढांगांनी होतो आणि शेवटचे पाऊल जेमतेम पडते. ब्रेक लावलेली बैलगाडी जशी थांबते, तशी ही चाल. हे आकडे ब्रह्मगुप्ताच्या ‘खंडखाद्यक’ या इ. स. ६६५ च्या ग्रंथातील ज्या-सारणीचे आहेत : त्रिज्या १५० धरून, दर १५ अंशांना ज्येत पडणारी वाढ. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ईझ आउट साइन’ नावाचा जो पर्याय दिसतो, तो सहा पावलांत मोजला तर हेच आकडे हाती येतात.

४/ यावरून ‘अ‍ॅनिमेशन आमच्याकडेच शोधले गेले’ असा निष्कर्ष कृपया कोणी काढू नये. ब्रह्मगुप्त ग्रहगणित करत होता, चित्रे हलवत नव्हता. मात्र सारणीतील दोन ज्ञात मूल्यांच्या मधले मूल्य साध्या त्रैराशिकाने अचूक मिळत नाही हे त्याने ओळखले, आणि पावलांमधील फरकांचाही फरक हिशेबात धरणारा नियम दिला. दोन ज्ञात बिंदूंच्या मधली जागा सरळ रेषेने भरता येत नाही, हा प्रश्न पडद्याहून फार जुना आहे. गणितात या मधल्या भरणीला ‘अंतर्वेशन’ म्हणतात. ही संज्ञा पुढे उपयोगी पडेल.

५/ आता १९३० च्या दशकातील अमेरिकन स्टुडिओंकडे येऊ. ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वॉर्फ्स’ डिसेंबर १९३७ मध्ये प्रदर्शित झाला. एवढ्या लांबीच्या चित्रपटासाठी लागणारी चित्रे मोजक्या नामवंत चित्रकारांच्या हातून होणे अशक्यच होते. म्हणून श्रमविभागणी आली. प्रमुख अ‍ॅनिमेटर निर्णायक चित्रे काढी, सहायक त्यांची रेषा स्वच्छ करी, आणि मधली चित्रे काढण्याचे काम ‘इनबिटवीनर’ नावाच्या, सर्वांत कमी वेतनाच्या कामगाराकडे जाई. त्याच्या पदनामातच त्याचे स्थान सांगितलेले होते : मधला.

६/ प्रमुख अ‍ॅनिमेटर आपल्या चित्राच्या कडेला एक लहानशी रेघ ओढून तिच्यावर आडव्या खुणा करत असे. मधले प्रत्येक चित्र कोठे पडावे, हे त्या खुणा सांगत. खुणा टोकांजवळ दाट आणि मध्ये विरळ असल्या, की हालचाल हळू सुरू होऊन हळू थांबे. आज संगणकावर दिसणाऱ्या ईझिंगच्या वक्राचा हा पूर्वज. या खुणा बहुधा निम्म्या-निम्म्याने केलेल्या असत : आधी दोन चित्रांचा मध्य, मग त्या मध्याचा आणि टोकाचा मध्य, पुन्हा त्याचा मध्य. कारण अगदी व्यावहारिक होते. दोन रेषांचा नेमका मध्य सरावलेल्या नजरेला साधतो. नेमका तिसरा हिस्सा साधणे कठीण. म्हणजे ईझिंगचे आरंभीचे व्याकरण माणसाच्या डोळ्याच्या मर्यादेतून आकाराला आले.

७/ ‘मग इनबिटवीनर केवळ मध्य काढणारे यंत्रच होता की!’ असे कोणी म्हणेल. तसे नव्हते. खांद्याशी जोडलेला सरळ हात ९० अंशांत फिरतो असे समजा. दोन टोकांच्या चित्रांमधील प्रत्येक बिंदूचा यांत्रिक मध्य काढला, तर मधल्या चित्रात हाताची लांबी मूळच्या सुमारे ७० टक्केच उरते. हात आखडतो आणि पुन्हा लांबतो. खरा हात कमानीत फिरतो. ती कमान, कोपराचा बाक, मागे राहून जाणारी बाही, हे सारे मधल्या चित्रकाराला समजून काढावे लागे. कागदावर सूचना चार खुणांची, आणि काम शरीराच्या संपूर्ण जाणिवेचे.

८/ फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन हे डिस्नेचे दोन विख्यात अ‍ॅनिमेटर १९३० च्या दशकाच्या मध्यात स्टुडिओत आले, ते याच मधल्या चित्रांच्या पायरीवर. १९८१ साली दोघांनी ‘द इल्युजन ऑफ लाइफ’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. अ‍ॅनिमेशनची बारा तत्त्वे त्यात मांडली आहेत आणि ‘हळू निघणे, हळू पोहोचणे’ हे त्यांतील एक. पुढच्या पिढ्यांनी ही तत्त्वे प्रतिभावंतांची सूत्रे म्हणून वाचली. ती लिहिणाऱ्यांनी स्वतः आरंभी मधली चित्रे काढली होती, हा धागा मात्र बहुतेक वर्णनांतून गळून पडतो.

९/ या कामगारांचे म्हणणे आपल्याला ऐकू येते ते संपांच्या इतिहासातून. १९३७ मध्ये न्यू यॉर्कच्या फ्लायशर स्टुडिओत संप झाला. मे १९४१ मध्ये डिस्ने स्टुडिओतील कामगार रस्त्यावर आले. तेथील आर्ट बॅबिट हा वरच्या फळीतला, उत्तम वेतन घेणारा अ‍ॅनिमेटर सहायकांच्या बाजूने संघटनेत उभा राहिला, त्याला कामावरून काढण्यात आले आणि त्यातून संपाची ठिणगी पडली. वेतन, पडद्यावरील श्रेय आणि संघटनेचा हक्क हे त्या लढ्यातील प्रश्न होते. पडद्यावरील श्रेयाचा आग्रह लक्षात ठेवा. नाव न येणे ही अवहेलना आहे हे त्या काळच्या लोकांनाही स्पष्ट जाणवत होते. तो आपला आजचा दृष्टिकोन मागे नेऊन चिकटवलेला नाही.

१०/ यानंतर संगणक येतो, आणि येथे इतिहास विलक्षण बोलका होतो. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील नेस्टर बर्टनिक १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातील एका परिषदेला गेले होते. तेथे डिस्नेच्या एका अ‍ॅनिमेटरने स्टुडिओची पद्धत समजावून सांगितली : प्रमुख चित्रकार निर्णायक चित्रे काढतो, मधली चित्रे सहायक भरतात. बर्टनिक यांच्या मनात विचार आला, की सहायकाचे हे काम संगणकाकडे देता येईल. संगणकीय कीफ्रेम अ‍ॅनिमेशनचा उगम असा आहे. स्टुडिओतील श्रमविभागणीची हुबेहूब नक्कल करून आणि तिच्या तळाच्या पायरीवर यंत्र बसवून ही कल्पना जन्मली.

११/ बर्टनिक आणि मार्सेली वाइन यांनी १९७१ मध्ये या पद्धतीवरील शोधनिबंध प्रसिद्ध केला. तिचा वापर करून पीटर फोल्डेस यांनी कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डसाठी ‘हंगर’ हा लघुपट केला. एक माणूस खातच सुटतो, फुगत जातो, आणि अखेर भुकेल्यांचा जमाव त्यालाच गिळतो. रेषा वितळून दुसऱ्या आकारात जातात. माणसाची वस्तू होते आणि वस्तूचा माणूस. १९७४ मध्ये कान महोत्सवात त्याला परीक्षकांचा पुरस्कार मिळाला, आणि ऑस्करचे नामांकन मिळवणाऱ्या संगणकीय अ‍ॅनिमेशनपटांत तो अगदी आरंभीचा ठरला. बर्टनिक आणि वाइन यांना ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला तो १९९७ मध्ये, म्हणजे पाव शतकाने. आपल्याकडे मात्र संगणकीय अ‍ॅनिमेशनची कहाणी अजूनही १९९५ च्या ‘टॉय स्टोरी’पासून सुरू करण्याची पद्धत आहे.

१२/ यंत्राला मधली जागा भरणे जमले का? अर्धेमुर्धे. बर्टनिक आणि वाइन यांच्या १९७६ च्या निबंधाचे शीर्षकच कीफ्रेम अ‍ॅनिमेशनमधील गतीचा जिवंतपणा वाढवण्याविषयी आहे; सुधारणेची गरज खुद्द जनकांनाच भासत होती. त्यांनी चित्राच्या आत एक सांगाडा कल्पून त्याच्या आधारे हालचाल साधण्याचा मार्ग सुचवला. १९७८ मध्ये एड कॅटमल यांनी अडचण नेमकी मांडली : सपाट चित्र हे त्रिमित वस्तूचे केवळ प्रक्षेपण असते, त्यात बरीच माहिती गाळलेली असते. मधला चित्रकार ती माहिती वस्तूच्या ज्ञानातून मनात भरून घेतो; यंत्रापुढे फक्त रेषा असतात. ‘हलके’ म्हणून गणलेले काम यंत्राकडे देताना ते किती अवघड होते, ते प्रथमच शास्त्रीय भाषेत नोंदले गेले.

१३/ गतीचा वक्र आखण्यासाठी लागणारे गणित दुसऱ्याच उद्योगातून आले : मोटारींच्या कारखान्यातून. फ्रान्समध्ये रेनो कंपनीचे पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात गाडीच्या पत्र्याचे बाक संगणकावर आखण्याची पद्धत विकसित केली आणि प्रसिद्धही केली. सित्रोएन कंपनीतील पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्येच तत्सम रीत शोधली होती. परंतु कंपनीने ती व्यावसायिक गुपित म्हणून दडवली. परिणामी जग आज ‘बेझिए वक्र’ म्हणते. नाव कोणाचे राहते हे पुष्कळदा शोध कोणाचा यावर ठरत नाही. प्रसिद्धीची परवानगी कोणाला होती यावर ठरते.

१४/ १९८४ मध्ये कॅनडाच्याच फिल्म बोर्डमधील डोरिस कोचानेक यांनी रिचर्ड बार्टेल्स यांच्यासह असा वक्र मांडला, की ज्यात प्रत्येक कीफ्रेमपाशी ताण, सातत्य आणि कल स्वतंत्रपणे बदलता येतो. कडेच्या रेघेवर खुणा करणाऱ्या जुन्या अ‍ॅनिमेटरला जे नियंत्रण हवे असे, तेच येथे अंकांत उतरले. १९८७ मध्ये पिक्सारच्या जॉन लॅसेटर यांनी हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनची तत्त्वे त्रिमित संगणकीय अ‍ॅनिमेशनला कशी लावावीत यावर निबंध वाचला. प्रवासाची दिशा पाहा : कागदावरून यंत्राकडे. संगणकाला चालायला शिकवावे लागले आणि शिकवणी जुन्या कारागिरांच्या वहीतून झाली.

१५/ पुढचा टप्पा इंटरनेटचा. फ्लॅश या सॉफ्टवेअरमध्ये दोन कीफ्रेमच्या मध्ये ‘ट्वीन’ लावण्याची सोय होती, आणि ईझिंगसाठी उणे १०० ते अधिक १०० असा एकच आकडा. रॉबर्ट पेनर यांनी २००२ च्या सुमारास ईझिंगची समीकरणे लिहून सर्वांसाठी खुली केली. ती नंतर असंख्य संकेतस्थळांत शिरली. आज संकेतस्थळे रचण्याच्या सीएसएस या भाषेत गती कशी हवी हे सांगितले नाही, तर ०.२५, ०.१, ०.२५, १ या चार आकड्यांचा बेझिए वक्र आपोआप लागू होतो. लक्षावधी पडद्यांवरची हालचाल त्या चार आकड्यांच्या वळणाने जाते.

१६/ ‘ट्वीन’ या शब्दापाशी क्षणभर थांबू. ‘इनबिटवीन’चे हे तुकडा पाडलेले रूप. जो कधी एका माणसाचा हुद्दा होता, तो मेनूतील एक पर्याय झाला. जपानी अ‍ॅनिमेशनमध्ये निर्णायक चित्रांना ‘गेंगा’, म्हणजे मूळ चित्रे, आणि मधल्या चित्रांना ‘दोगा’ म्हणतात. दोगाचा शब्दशः अर्थ ‘हलते चित्र’. दर चित्रामागे तुटपुंजा मोबदला घेणाऱ्या, उतरंडीच्या तळाशी असलेल्या कामालाच तेथील भाषेने साऱ्या कलेचे नाव दिले आहे. भाषेला जे ठाऊक होते, ते वेतनपत्रकाला ठाऊक नव्हते.

१७/ या परंपरेची एक शाखा मुंबईत रुजली. भारतात जन्मलेले डिस्नेचे अ‍ॅनिमेटर क्लेअर वीक्स १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात प्रशिक्षण देण्यासाठी मुंबईला आले. १९५७ चा ‘द बन्यन डिअर’ हा जातककथेवरील लघुपट त्या शिकवणीतून घडला. तेथे शिकलेले राम मोहन पुढे भारतीय अ‍ॅनिमेशनचे आधारस्तंभ झाले. युगो साको यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकारंभी पूर्ण झालेल्या आणि २०२५ मध्ये आपल्याकडे नव्याने प्रदर्शित झालेल्या जपानी ‘रामायण’पटाच्या दिग्दर्शकांतही त्यांचे नाव आहे. तो चित्रपट पुन्हा पाहाल तेव्हा चेहऱ्यांबरोबर उत्तरीयाचे हेलकावेही पाहा. त्यांतली कितीतरी चित्रे ‘मधली’ आहेत.

१८/ आता प्रतिपक्षाला न्याय देऊ. ‘मधली चित्रे काढणे हे कंटाळवाणे, पाठ मोडणारे काम होते; यंत्राने त्यातून सुटका केली, यात वाईट काय?’ हा युक्तिवाद पोकळ नाही. मधल्या चित्रकारांनाही त्या पायरीवर आयुष्य काढायचे नव्हते. शिवाय वक्र खुला झाल्यामुळे स्टुडिओची पायरी न चढताही आज कोणीही तरुण घरबसल्या चित्र हलवू शकतो. पेनर यांची समीकरणे विनामूल्य होती, आणि त्यांमुळे पुष्कळांना दार उघडले. या लोकशाहीकरणाचे मोल मी नाकारत नाही.

१९/ माझा आक्षेप वेगळा आहे. मधली पायरी हे कष्टाचे काम होते आणि शाळाही होती. थॉमस आणि जॉन्स्टन त्याच पायरीवरून वर गेले. दुसऱ्याच्या दोन चित्रांमधली जागा हजार वेळा भरल्यावर हाताला वजन कळते, वेग कळतो, थांबणे कळते. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जोरावर मधली चित्रे आपोआप भरण्याच्या घोषणा होत आहेत, आणि १९६९ मधील तोच विचार पुन्हा ऐकू येतो : तळाची पायरी यंत्राला द्या. ती द्यायचीच असेल, तर वरच्या पायरीवरचे लोक कोठे शिकणार, याचे उत्तर देण्याची जबाबदारीही घोषणा करणाऱ्यांनी घ्यावी. ज्यांच्या चित्रांवर ही यंत्रे शिकली, त्यांच्या श्रेयाचे काय, हा १९४१ चा प्रश्नही अजून अनुत्तरित आहे.

२०/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी यात का पडावे, याचे एक थेट कारण आहे. आपल्यापैकी अनेकजण हल्ली मोहिमांचे हलते नकाशे करतात. पानिपतचा नकाशा घ्या. कीफ्रेम ठरलेल्या : मार्च १७६० मध्ये परतूरहून कूच, ऑगस्टमध्ये दिल्ली, ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा, त्यानंतर पानिपत, आणि १४ जानेवारी १७६१ चे युद्ध. पहिल्या आणि शेवटच्या तारखेत सरळ ट्वीन लावला, की भगवा बाण दहा महिने एकाच संथ गतीने उत्तरेकडे सरकत राहतो. पाहणाऱ्याला वाटते, सैन्य चालत होते, चालत होते, आणि मग लढले.

२१/ प्रत्यक्षात फौज पावसाळ्यात दिल्लीपाशी दोन महिन्यांहून अधिक काळ थांबली होती. पानिपतला ती अडीच महिने अडकून पडली. रसद तुटत गेली, माणसे आणि जनावरे उपाशी मरू लागली. पानिपतची शोकांतिका या थांबलेल्या दिवसांत आहे, आणि सरळ रेषेतला बाण नेमके तेच दिवस पुसून टाकतो. सॉफ्टवेअरचे आयते ईझिंग लावल्यानेही भागत नाही. त्याने बाण डौलदार होतो, पण डौल म्हणजे पुरावा नव्हे. बाण कोठे थबकावा, कोठे वेग घ्यावा, हे बखरी आणि पत्रव्यवहार वाचून ठरवावे लागते. दोन तारखांमधला वक्र आखणे हे इतिहासकाराचे विधान असते, मग ते त्याच्या लक्षात येवो अथवा न येवो.

२२/ तेव्हा माझे म्हणणे एवढेच. कीफ्रेम सर्वांना दिसतात : गाजलेले चित्रपट, नामवंत दिग्दर्शक, लढायांच्या तारखा. मधली जागा रिकामी आहे असे वाटते, कारण ती भरणाऱ्याचे नाव खाली लिहिलेले नसते. पुढच्या वेळी एखादी हालचाल डोळ्यांना सुखावून गेली, किंवा एखादा इतिहास फार सुरळीत वाटला, तर विचारा : मधले कोणी भरले, कशाच्या आधारे, आणि त्याला काय मिळाले?

मतभेद असतील तर अवश्य लिहा. आणि आपल्यापैकी कोणी कधी मधली चित्रे काढण्याचे काम केले असेल, तर तो अनुभव आपल्या नावानिशी येथे नोंदवा. धागा समाप्त.